ब्रेकचा इशारा दिवा आणि त्याच्या सर्किटमधील बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची माहिती हायड्रॉलिक ब्रेक, हाताने ओढायचा हँडब्रेक आणि १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या साध्या मोटारीसाठी आहे. महाराष्ट्रात रोज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान-मध्यम गाड्या याच प्रकारात मोडतात. आपल्या गाडीचे वायरिंगचे नकाशे आणि मालकपुस्तिका हाताशी ठेवूनच पुढील तपासण्या कराव्यात, कारण वायरचे रंग, फ्यूजचा क्रमांक आणि स्विचची रचना प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते.

मीटरमधला लाल दिवा नेमके काय सांगतो?

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना कंस, असे या लाल दिव्याचे चिन्ह असते. तो एकच असला तरी त्याच्यामागे किमान दोन आणि बहुधा तीन वेगवेगळी कारणे असतात. हँडब्रेक ओढलेला असणे हे पहिले, ब्रेक फ्लुइडची पातळी खाली गेलेली असणे हे दुसरे, आणि एबीएस (जोराने ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागच्या-पुढच्या चाकांवर ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणा बंद पडलेली असणे हे तिसरे. जुन्या गाड्यांमध्ये यात दाबफरकाच्या स्विचची भर पडते, त्याविषयी खाली स्वतंत्र प्रश्न आहे. दिवा यांपैकी कोणत्या कारणाने पेटला हे तो स्वतः सांगत नाही, आणि म्हणूनच निदानाचे सगळे काम या शाखा एकेक करून वेगळ्या करण्याचे असते.

पिवळा एबीएसचा दिवा आणि वर्तुळाच्या बाजूला तुटक रेषा असलेला पॅड झिजल्याचा दिवा हे वेगळे दिवे आहेत. त्यांची गल्लत या लाल दिव्याशी करू नये.

दिवा चालत्या गाडीत पेटला. सर्किट तपासू की ब्रेक?

आधी ब्रेक, मग सर्किट. हा क्रम कधीही उलटा करू नये. दिव्याचे सर्किट बिघडले असेल ही शक्यता ब्रेक पूर्णपणे ठीक असल्याची खात्री पटल्यानंतरच विचारात घ्यावी, कारण फ्लुइड गळत असलेली गाडी आणि स्विच अडकलेली गाडी मीटरवर अगदी सारख्या दिसतात.

गाडी सुरक्षित जागी थांबवून पेडल दाबून पाहावे. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, स्पंजसारखे मऊ लागत असेल, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू फरशीकडे बसत असेल, तर गाडी तिथेच उभी ठेवून ती टोइंगने न्यावी. पेडल घट्ट असेल तर बॉनेट उघडून टाकीतील पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांशी ताडून पाहावी. त्यानंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने फ्लुइडवर दाब आणणाऱ्या, टाकीखालच्या सिलिंडरच्या) खाली, बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) पुढच्या तोंडाशी आणि होजपाइपच्या जोडांवर ओल आहे का ते पाहावे. मागे ड्रम ब्रेक असतील तर व्हील सिलिंडरची गळती ड्रमच्या आतच राहते आणि टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळ आल्याशिवाय बाहेरून कळत नाही, त्यामुळे पातळी घटली आहे पण गळती सापडत नाही अशा वेळी ड्रम उघडणे टाळू नये.

कशेडी, आंबोली किंवा वरंध अशा घाटात उतारावर हा दिवा लागला तर खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर वेग कमी करावा आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबावे. ‘खाली गावात पोचून बघू’ हा विचार घाटात करू नये.

या सर्किटची रचना कशी असते?

रचना समजली की अर्धे निदान झाले, म्हणून या उत्तराला थोडा वेळ द्यावा.

चावी ‘ऑन’ केली की फ्यूजमधून प्लस मीटरमधल्या बल्बपर्यंत पोचतो आणि बल्बच्या एका टोकाला तो सतत उभा असतो. बल्बच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली वायर पुढे फुटते. तिची एक शाखा हँडब्रेकच्या स्विचकडे जाते, दुसरी फ्लुइडच्या टाकीतील पातळीच्या स्विचकडे, आणि असल्यास तिसरी एबीएसच्या युनिटकडे. हे सगळे स्विच एकमेकांना समांतर जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे काम एकच असते : वायरला अर्थ देणे, म्हणजे ती गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या मायनसशी जोडणे. कोणत्याही एका शाखेने अर्थ दिला की बल्ब पेटतो. सगळ्या शाखा मोकळ्या असतील तरच तो विझतो.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. दिवा सतत पेटलेला असेल तर कुठेतरी अर्थ मिळतो आहे, मग तो एखाद्या स्विचमधून असो वा सोललेली वायर पत्र्याला टेकल्यामुळे. दिवा कधीच पेटत नसेल तर प्लस पोचत नाही, बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे किंवा स्विच अर्थ देत नाही. दिवा सतत पेटण्याची चिंता सगळे करतात. दिवा मुका होण्याची चिंता मात्र फार थोडे जण करतात, आणि माझ्या मते दुसरा बिघाड अधिक घातक आहे, कारण त्यात ब्रेक फ्लुइड संपत आले तरी गाडी चालवणाऱ्याला कळत नाही.

काही उत्पादक या शाखांमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालतात, म्हणजे एका शाखेचा अर्थ दुसऱ्या शाखेतील उपकरणापर्यंत उलटा पोचू नये. काही ठिकाणी पातळीच्या स्विचला समांतर रेझिस्टर असतो आणि त्यावरून मीटरला वायर तुटल्याचे ओळखता येते. नकाशात या दोन गोष्टी आहेत का हे आधी पाहावे, नाहीतर ओहममापनाचे आकडे गोंधळात टाकतात.

तपासणीसाठी कोणती साधने लागतील?

एक डिजिटल मल्टिमीटर, मगरचिमटे लावलेली फूटभर वायर, छोटा टेस्टलॅम्प, कॉन्टॅक्ट क्लिनर आणि चाकांना लावायला लाकडी गुटके. गुटके यादीत शेवटी आहेत, पण गाडीला लावायचे ते सर्वांत आधी, कारण तपासणीत हँडब्रेक पुनःपुन्हा सोडावा लागतो. गाडी सपाट जागी असावी. जुन्या पद्धतीचा २१ वॉटचा बल्ब लावलेला टेस्टलॅम्प नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या वायरवर वापरू नये, त्याचा करंट मीटरमधील सर्किटला झेपत नाही. मधल्या कन्सोलखाली पिवळ्या आवरणातील वायर दिसल्या तर त्यांना हात लावू नये, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

फ्लुइड पूर्ण आहे, ब्रेक उत्तम लागतात, तरी दिवा सतत पेटलेला राहतो. सुरुवात कुठून करावी?

सर्वांत सोप्या जागेपासून, म्हणजे हँडब्रेकपासून. लिव्हर पूर्ण खाली बसला आहे का ते पाहावे आणि चावी ऑन ठेवून त्याला बोटाने आणखी खाली दाबावे. तेवढ्याने दिवा विझला तर वायरिंग निर्दोष आहे. लिव्हर स्विचच्या दांडीला पुरेसे दाबत नाही इतकाच त्याचा अर्थ. असे बहुधा स्विचची पट्टी वाकल्यामुळे, स्क्रू ढिला झाल्यामुळे किंवा लिव्हरखाली नाणे, चॉकलेटचा कागद, शेंगदाण्याची टरफले अशा वस्तू अडकल्यामुळे होते.

दिवा तसाच राहिला तर हँडब्रेकच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरचा सुटा होणारा जोड, काढावा. दिवा विझला तर दोष स्विचमध्ये आहे. विझला नाही तर कपलर तसाच काढून ठेवावा आणि टाकीवरच्या पातळीच्या स्विचचा कपलर काढावा. आता विझला तर दोष तिथे. पहिला कपलर परत लावायची घाई करू नये, कारण दोन शाखा एकाच वेळी बिघडलेल्या असू शकतात आणि एक जोडलेली राहिली तर दुसरीची तपासणी खोटी ठरते.

दोन्ही कपलर काढूनही दिवा पेटलेलाच असेल तर तीन शक्यता उरतात : वायर मध्येच कुठेतरी पत्र्याला टेकली आहे, एबीएसचे युनिट दिवा पेटवत आहे, किंवा मीटरमध्येच दोष आहे. एबीएसचा पिवळा दिवाही पेटलेला असेल तर पुढचे काम स्कॅनरचे (गाडीच्या युनिटमधील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचे) आहे आणि त्याविषयी खाली स्वतंत्र प्रश्न आहे. पिवळा दिवा नसेल तर चावी बंद करून, बॅटरीची मायनस पट्टी काढून, मीटरच्या मागचा कपलर सोडवावा आणि त्या वायरचा गाडीच्या पत्र्याशी रेझिस्टन्स मोजावा. सगळ्या शाखा मोकळ्या असताना तो अनंत दिसायला हवा. काही ओहमच दिसत असतील तर वायर शॉर्ट आहे, आणि ती शोधताना कार्पेटखालची पट्टी, सीटच्या रुळांची जागा आणि फायरवॉलमधले (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातले) रबरी बूच या तीन ठिकाणांपासून सुरुवात करावी. सीट पुढे-मागे करताना रुळाखाली वायर चिरडली जाणे ही नेहमीची घटना आहे, विशेषतः बाहेरून सीटकव्हर किंवा मॅटिंग बसवून घेतल्यानंतर.

हँडब्रेकचा स्विच काढून कसा तपासावा?

बहुतेक गाड्यांत हा एकाच वायरचा स्विच असतो आणि त्याचे धातूचे अंगच स्क्रूमार्फत अर्थचे काम करते. लिव्हर वर असताना स्विचची दांडी मोकळी सुटते आणि संपर्क जुळतो, लिव्हर खाली असताना दांडी दबते आणि संपर्क तुटतो. कपलर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवावा, एक टोक स्विचच्या पिनला आणि दुसरे गाडीच्या स्वच्छ पत्र्याला लावावे. दांडी सोडल्यावर जवळजवळ शून्य आणि दाबल्यावर अनंत असा आकडा यायला हवा. मधलाच काही आकडा, जसे की काही शे ओहम, येत असेल तर आतले संपर्क काजळले आहेत. कन्सोलमध्ये सांडलेला चहा आणि पावसाळी चपलांची ओल हे या स्विचचे जुने शत्रू आहेत. स्विच स्वस्त असतो, त्यामुळे तो घासूनपुसून परत बसवण्यापेक्षा बदलणे योग्य.

टाकीतील पातळीचा स्विच कसा काम करतो आणि कसा बिघडतो?

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्यात छोटे चुंबक असते, आणि त्याच्याखाली फ्लुइडपासून अलग ठेवलेला रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, असतो. फ्लुइड कमी झाले की फ्लोट खाली येतो, चुंबक जवळ येते आणि रीडचे संपर्क जुळून दिवा पेटतो. काही गाड्यांत हा स्विच झाकणातच असतो आणि फ्लोट झाकणाला लोंबतो.

यात दोन प्रकारचे बिघाड होतात. पहिल्यात फ्लोटमध्ये हळूहळू फ्लुइड शिरते, तो जड होऊन बुडतो, आणि टाकी भरलेली असतानाही दिवा पेटलेला राहतो. टाकीच्या बाहेर बोटाने हलकी टिचकी मारल्यावर दिवा क्षणभर विझत असेल तर संशय याच्यावर घ्यावा. दुसऱ्यात जुन्या फ्लुइडचा काळपट गाळ साचून फ्लोट वरच्या बाजूला अडकतो, आणि मग टाकी रिकामी होत गेली तरी दिवा पेटत नाही.

तपासणीसाठी कपलर काढून स्विचच्या दोन पिनांवर ओहममीटर लावावा. पातळी पूर्ण असताना संपर्क तुटलेला दिसावा. मग झाकणाभोवतीचा भाग पुसून झाकण उघडावे आणि स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या काडीने फ्लोट खाली दाबावा, म्हणजे संपर्क जुळलेला दिसावा. झाकणात स्विच असलेल्या गाडीत झाकण उचलून फ्लोट लोंबू दिला तरी हीच परीक्षा होते. काही मॉडेलमध्ये स्विचची चाल उलटी असते, म्हणून नकाशा पाहिल्याशिवाय स्विच बाद ठरवू नये. अनेक गाड्यांत हा स्विच टाकीबरोबरच येतो आणि वेगळा मिळत नाही. अशा वेळी पूर्ण टाकी बदलून ब्रेकमधली हवा काढून घ्यावी लागते.

झाकण उघडे ठेवून गप्पा मारू नयेत. ग्लायकॉलपासून बनलेले डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे फ्लुइड हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा धरलेल्या अवस्थेत १५५ अंश. कोकणातल्या पावसाळी हवेत ही बाब पुस्तकी राहत नाही. तसेच हे फ्लुइड रंगावर सांडले तर रंग उचलते, म्हणून सांडताक्षणी पाण्याने धुवावे.

फ्लुइड थोडे टाकल्यावर दिवा गेला. प्रश्न सुटला का?

नाही. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते आणि त्यातले फ्लुइड वापरून संपत नाही. पातळी खाली जाण्याची कारणे मोजकीच आहेत : पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे.

पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा भरायला टाकीतले फ्लुइड खाली जाते. म्हणजे हळूहळू, महिनोन्‌महिने पातळी उतरत जाऊन शेवटी दिवा लुकलुकणे हा अनेकदा पॅड संपत आल्याचा निरोप असतो. अशा वेळी वरून फ्लुइड भरले तर निरोप पुसला जातो, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की टाकी ओसंडून वाहते. म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील आणि तरी पातळी घटली असेल, तर ती गळती आहे असे धरून शोध घ्यावा.

एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हायड्रॉलिक क्लच असलेल्या अनेक गाड्यांत क्लचला फ्लुइड ब्रेकच्याच टाकीतून मिळते. क्लचचा मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल तरी पेटणारा दिवा ब्रेकचा असतो. क्लच पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हात घालून ओल लागते का ते पाहावे.

फ्लुइड टाकायचेच असेल तर झाकणावर लिहिलेल्याच दर्जाचे, सीलबंद डब्यातले टाकावे. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही टाकू नये. खनिज तेलाने मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरी सीले फुगतात आणि मग पूर्ण यंत्रणा उघडावी लागते.

चावी ऑन केल्यावर दिवा क्षणभरही पेटत नाही. हे चांगले लक्षण नाही का?

हे वाईट लक्षण आहे आणि त्याच दिवशी त्याकडे लक्ष द्यावे. चावी ऑन केल्यावर दिवा थोडा वेळ पेटणे ही त्याची स्वतःची परीक्षा असते. काही गाड्यांत ती परीक्षा फक्त सेल्फ मारताना होते, काहींत होतच नाही आणि तिथे हँडब्रेक ओढून दिवा पाहावा लागतो. पण हँडब्रेक ओढूनही तो पेटत नसेल तर सर्किट मुके आहे हे नक्की.

प्रथम शेजारचे दिवे पाहावेत. ऑइल आणि बॅटरीचे दिवेही पेटत नसतील तर मीटरचा सामाईक फ्यूज किंवा मीटरचा पुरवठा गेलेला आहे. फक्त ब्रेकचाच दिवा मुका असेल तर हँडब्रेकच्या स्विचचा कपलर काढून, चावी ऑन ठेवून, त्या वायरला मगरचिमट्याच्या वायरने पत्र्याशी जोडावे. दिवा पेटला तर बल्ब, फ्यूज आणि तिथपर्यंतची वायर तिन्ही चांगल्या आहेत, दोष स्विचचा किंवा त्याच्या अर्थचा आहे. पेटला नाही तर हीच कृती पातळीच्या स्विचच्या कपलरवर करावी. एका ठिकाणी पेटतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे झाले तर तुटलेली वायर फाट्याच्या कोणत्या बाजूला आहे ते कळते. दोन्ही ठिकाणी पेटला नाही तर मीटर उतरवून बल्ब आणि मागच्या छापील पट्टीचे संपर्क पाहावेत. पातळीच्या कपलरमध्ये दोन वायर असतात, त्यातली एक सिग्नलची आणि दुसरी अर्थची. कोणती कुठली हे व्होल्टेज मोजून ठरवल्याशिवाय जोडणी करू नये.

येथे मल्टिमीटरचा एक चकवा लक्षात ठेवावा. कपलर काढून वायरवर व्होल्टेज मोजले की १२ व्होल्ट दिसतात आणि वायर निर्दोष वाटते. पण मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली किंवा पिनवर हिरवा गंज चढलेला असला तरी आकडा पूर्ण येतो. बल्ब मात्र मंद पेटतो किंवा पेटतच नाही. म्हणून अंतिम निर्णय नेहमी भाराखाली, म्हणजे दिवा प्रत्यक्ष पेटवून करावा. दिवा पेटलेला असताना स्विचचे अंग आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थचा जोड घासून, घट्ट करून घ्यावा.

वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावरच दिवा लुकलुकतो. असे का?

पातळी ‘मिन’च्या काठावर आली की असे होते. फ्लुइड टाकीत एका बाजूला कलते, फ्लोट क्षणभर खाली जातो आणि दिवा चमकून जातो. ही इशाऱ्याची पहिली पायरी आहे, लूज कॉन्टॅक्ट नाही. पातळी पूर्ण असूनही खड्ड्यांतच लुकलुकत असेल तर मात्र कपलर किंवा हँडब्रेकच्या लिव्हरचा ढिलेपणा तपासावा.

ब्रेकचा आणि बॅटरीचा दिवा एकदमच पेटले. ब्रेक आणि बॅटरीचा काय संबंध?

अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या वायरिंगमध्ये, ब्रेकच्या दिव्याची परीक्षा अल्टरनेटरमार्फत, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रामार्फत, केली जाते. ब्रेकच्या दिव्याची वायर एका डायोडमधून अल्टरनेटरच्या दिवा-टर्मिनलला जोडलेली असते. इंजिन बंद असताना तिथून अर्थ मिळतो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन चार्जिंग चालू झाले की तो अर्थ नाहीसा होतो आणि दिवा विझतो. चार्जिंग थांबले तर दोन्ही दिवे पुन्हा एकत्र पेटतात. तेव्हा हँडब्रेक आणि टाकी पाहून झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर, इंजिन चालू असताना, व्होल्टेज मोजावे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १२.५ च्या खाली असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासावा. अशा गाडीत ब्रेकचे भाग बदलत बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

लाल दिव्याबरोबर पिवळा एबीएसचा दिवाही आहे. आता?

पिवळा एकटा असेल तर बहुधा चाकाच्या वेगाच्या एखाद्या सेन्सरमध्ये बिघाड असतो, आणि साधे ब्रेक चालू राहतात. दोन्ही एकत्र असतील तर एबीएसबरोबर ईबीडीही बंद झालेली असण्याची शक्यता असते, आणि मग जोराने ब्रेक दाबल्यास मागची चाके आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते, ओल्या रस्त्यावर तर अधिकच. गाडी सावकाश, अंतर राखून थेट दुरुस्तीला न्यावी.

भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येकाचा आहे. फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे उपयोगी नाही. एबीएस युनिटशी बोलणारा, ‘सी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी लिहून ठेवावेत. युनिटचा पुरवठा किंवा अर्थ गेला, किंवा कपलर निसटला, तरी अनेक गाड्यांत दोन्ही दिवे पेटतात. म्हणून महागडे युनिट बदलायचा सल्ला मान्य करण्याआधी त्याचे मोठे फ्यूज आणि अर्थ भाराखाली तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

पावसाळ्यातच हा बिघाड का डोके वर काढतो?

टाकीवरचा कपलर बॉनेटखाली उघड्यावर असतो आणि इंजिन धुताना किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना त्यात पाणी शिरते. पाण्यातून पुरेसा करंट वाहिला तर दिवा मंद पेटतो, आणि गाडी तापून कपलर सुकला की विझतो. किनारपट्टीवर खारी हवा पिनांवर हिरवा थर चढवते. कपलर उघडून क्लिनरने साफ करावा, सुकवावा, फाटलेले रबरी सील बदलावे. दुसरे कारण उंदीर. पावसात ते उबदार बॉनेटखाली येतात आणि वायरचे आवरण कुरतडतात. कुरतडलेली वायर नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळू नये, इंजिनच्या उष्णतेने ती सुटते. तारा जोडून झाळावे आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

माझ्याकडे जुनी, संग्रही ठेवलेली गाडी आहे. तिच्यात दाबफरकाचा स्विच म्हणजे काय?

मास्टर सिलिंडर दोन स्वतंत्र भागांचा झाल्यानंतर, एका भागातील दाब गेला तर चालकाला कळावे म्हणून हा स्विच आला. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०५ मुळे तेथील गाड्यांत तो सर्वत्र दिसू लागला. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असताना आतला छोटा पिस्टन मध्यभागी राहतो. एका बाजूला गळती झाली की तो त्या बाजूला सरकतो आणि स्विच जुळतो. गळती दुरुस्त झाल्यावरही पिस्टन तिथेच अडकून राहिला तर दिवा पेटलेला राहतो, आणि तो मध्यभागी आणण्याची कृती त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेली असते. या स्विचचा कपलर काढल्यावर आत फ्लुइडची ओल दिसली तर आतले सील गेले आहे.

नव्या गाडीत बल्बच नाही, सगळे पडद्यावर येते. मग वरच्या पद्धतींचा उपयोग काय?

स्विच अजूनही तेच असतात, फक्त त्यांची वायर बल्बकडे न जाता बॉडीच्या कंट्रोल युनिटकडे किंवा मीटरकडे जाते आणि निरोप पुढे डेटा-वायरवरून जातो. येथे वायर अर्थ करून पाहण्याआधी स्कॅनरवर थेट आकडेवारी उघडावी. हँडब्रेक ओढला-सोडला आणि फ्लोट दाबला-सोडला की स्क्रीनवरची नोंद ‘ऑन’-‘ऑफ’ अशी बदलते का ते पाहावे. नोंद बदलते पण दिवा बदलत नाही, तर स्विच आणि वायर सोडून मीटरकडे वळावे. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकला बहुधा वर्तुळातल्या ‘पी’ अक्षराचा स्वतंत्र दिवा असतो, आणि त्याची मोटार स्कॅनरशिवाय उघडू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलजवळ घरगुती तपासणी करू नये.

गॅरेजवाले म्हणतात, ‘वायर काढून टाकतो, दिवा लागणार नाही.’ चालेल का?

चालणार नाही. एक शाखा तोडली की त्या शाखेचा इशारा कायमचा जातो, आणि पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला हे माहीत नसते. सुट्या भागासाठी थांबावे लागत असेल आणि दोष फक्त हँडब्रेकच्या स्विचचा असल्याचे सिद्ध झाले असेल, तर त्याच एका स्विचचा कपलर तात्पुरता काढून टोक झाकावे, म्हणजे पातळीचा इशारा चालू राहतो. पातळीच्या स्विचच्या बाबतीत ही सवलत घेऊ नये.

वापरलेली गाडी घेताना हा दिवा कसा पारखावा?

इंजिन थंड असताना, स्वतः चावी फिरवून, मीटरमधले सगळे दिवे नीट पाहावेत. ब्रेकचा आणि एबीएसचा दिवा पेटायला हवा आणि आपापल्या वेळेला विझायला हवा. एबीएसचा दिवा ऑइलच्या किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर तंतोतंत विझत असेल, तर त्याचा बल्ब त्या दिव्याला जोडून दोष लपवलेला असू शकतो. नंतर हँडब्रेक ओढून-सोडून पाहावा आणि विकणाऱ्याच्या परवानगीने टाकीवरचा फ्लोट दाबून दिवा पेटतो का तेही पाहावे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय काय पाहावे?

चावी ऑन केल्यावर दिवा पेटतो का, हँडब्रेकच्या पहिल्या-दुसऱ्या खाचेलाच पेटतो का, सोडल्यावर पूर्ण विझतो का, आणि इंजिन चालू असताना फ्लोट खाली दाबल्यावर पुन्हा पेटतो का, एवढे मेकॅनिकसमोरच पाहावे. बॅटरीची पट्टी काढली असेल तर एबीएसचे कोड पुन्हा वाचून घ्यावेत. ब्रेकचे पाइप, सिलिंडर किंवा टाकी उघडली असेल तर हवा काढल्याची खात्री पेडल दाबून करावी, आणि टाकीच्या ‘मॅक्स’ खुणेपाशी पातळी आहे हे पाहून त्याचा फोटो घेऊन ठेवावा. आठवडाभराने त्याच सपाट जागी, थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती केसभरही खाली गेलेली दिसली तर गाडी त्याच दिवशी परत न्यावी.